बिग टेन की एसईसी? फुटबॉलच्या कॉन्फरन्सवरून कॉलेजचा अभ्यास ठरतो का?

मधुमालती_एडिसन

नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावी संपवतेय आणि १ मेपर्यंत कुठल्या कॉलेजला जायचं ते कळवायचं आहे. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय. हातात तीन ठिकाणं आहेत. घराजवळचं रटगर्स (इन-स्टेट फी), इंडियानातलं परड्यू, आणि अलाबामा. अलाबामाने नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या शिष्यवृत्ती स्पर्धेतली फायनलिस्ट म्हणून तिची शिकवणीची सगळी फी माफ केली आहे. परड्यूला आम्हाला बाहेरच्या राज्याची फी भरावी लागेल. रटगर्स आणि परड्यू 'बिग टेन' कॉन्फरन्समध्ये येतात, अलाबामा 'एसईसी' म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये. कॉन्फरन्स म्हणजे आपसात (अमेरिकन) फुटबॉल वगैरेचे सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट.

पाडव्याला घरी सगळे जमले होते. धाकटे दीर म्हणाले, "बिग टेन म्हणजे संशोधनाची विद्यापीठं. एसईसी म्हणजे नुसता फुटबॉल. डिग्रीवर अलाबामा दिसलं की अर्ज बाजूला पडतो." लेक समोरच बसली होती. श्रीखंडाची वाटी तशीच टेबलावर ठेवून ती वर निघून गेली. अलाबामाचं पत्र आलं तेव्हा तिने ते प्रिंट काढून भिंतीला लावलं होतं. रात्री पाहिलं तर भिंत रिकामी.

मला मनापासून जाणून घ्यायचंय. या कॉन्फरन्स मुळात खेळाच्या सोयीसाठी झालेल्या ना? मग अभ्यासाच्या बाबतीत एक वरची आणि एक खालची, हे कुठून आलं? त्यात तथ्य किती?

लेकशोर

मधुमालती, तुमचे दीर अगदीच हवेत बोललेले नाहीत, पण अर्धंच बोलले.

अमेरिकेत एएयू नावाची संघटना आहे, १९००मध्ये स्थापन झालेली. मोठं संशोधन करणारी निवडक विद्यापीठं तिची सदस्य असतात आणि अर्ज करून आत जाता येत नाही, ते बोलावतात. बिग टेनच्या (नावात टेन असलं तरी) १८पैकी १७ कॉलेजं या संघटनेत आहेत. एसईसीच्या १६पैकी पाच: व्हँडरबिल्ट, फ्लोरिडा, मिझुरी, टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम. एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) आणि बिग ट्वेल्व्ह या आणखी दोन कॉन्फरन्स, त्यांत अनुक्रमे नऊ आणि पाच. बिग टेनचा तोरा येतो तो इथून. नवीन कॉलेज घेताना ते एएयूचं सदस्यत्व बघतात, हे उघड गुपित आहे.

आता गंमत बघा. जे एक बाहेर आहे ते नेब्रास्का. २०१०मध्ये बिग टेनने त्यांना घेतलं तेव्हा ते एएयूत होते. २०११च्या एप्रिलमध्ये एएयूनेच त्यांना मतदान घेऊन काढलं. त्यांचं वैद्यकीय महाविद्यालय ओमाहाला वेगळ्या कारभाराखाली, म्हणून तिथलं संशोधन त्यांच्या खात्यात धरलं नाही, आणि शेतीच्या संशोधनाला त्या मोजमापात वजन कमी. नेब्रास्कातल्या वर्गात त्या दिवशी शिकवणारे प्राध्यापक आदल्या दिवशी होते तेच होते.

मी_वऱ्हाडी

शेतीला वजन कमी! हे वाचून जीव जळला. सविस्तर लिहितो संध्याकाळी.

नॅशविलची_नंदा

एसईसीला सरसकट 'नुसता फुटबॉल' म्हणणाऱ्यांनी एकदा व्हँडरबिल्टला येऊन जावं. आमच्याकडे उलटं होतं, अभ्यासात नाव आणि मैदानात मार. ५ ऑक्टोबर २०२४ला आम्ही पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं. पोरांनी गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेऊन शहरभर मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला. मी ब्रॉडवेवर उभी होते, गणपती विसर्जनाची आठवण झाली. त्यातली निम्मी मुलं सोमवारी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या परीक्षेला बसली असतील.

गणिती_गोडबोले

रँकिंगच्या बाबतीत एकच सांगतो. २०२३मध्ये कॉलेजांची क्रमवारी काढणाऱ्या यूएस न्यूजने मोजायची पद्धत बदलली. वर्गात मुलं किती, माजी विद्यार्थी देणग्या किती देतात, असे निकष काढून टाकले. त्या वर्षी व्हँडरबिल्ट १३वरून १८वर आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे काय बदललं? काही नाही. तेव्हा दोन-चार आकड्यांच्या फरकावरून पोरीच्या चार वर्षांचा निर्णय करू नका. कॉन्फरन्सची सरासरी काढणं तर त्याहून चूक. अठरा कॉलेजांची सरासरी काढून त्यातल्या एका कॉलेजच्या एका विभागाबद्दल काय कळणार?

रेगेन्स्टाइनची_उंदरी

मधुमालतीताई, 'मुळात खेळाच्या सोयीसाठी' असं तुम्ही लिहिलंय, त्यावर थोडं लांबण लावते.

बिग टेन १८९६ची. शिकागो विद्यापीठ तिचं संस्थापक सदस्य, आणि फुटबॉलमध्ये दादा. सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारी हाइजमन ट्रॉफी दिली त्या पहिल्या वर्षी, १९३५मध्ये, ती मिळाली शिकागोच्या जे बरवँगरला. पण विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना अभ्यास आणि हा खेळ एकत्र नांदतील असं वाटत नव्हतं. १९३९चा हंगाम संपल्यावर त्यांनी फुटबॉल बंदच केला. स्टॅग फील्ड नावाचं भलं मोठं स्टेडियम ओस पडलं. त्याच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षक-पायऱ्यांखाली २ डिसेंबर १९४२ला एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया सुरू केली. फुटबॉलच्या स्टेडियमखाली! १९४६मध्ये शिकागो बिग टेनमधून रीतसर बाहेर पडलं.

पुढचा भाग फार कमी लोकांना ठाऊक असतो. १९५८मध्ये बिग टेनच्या विद्यापीठांनी अभ्यासासाठी वेगळी समिती केली. ग्रंथालयं, अभ्यासक्रम, संशोधन वाटून घ्यायचं. शिकागो त्या समितीत गेलं आणि २०१६पर्यंत राहिलं. म्हणजे खेळ सोडून सत्तर वर्षं झाली तरी पुस्तकांची देवघेव चालू होती! आज त्या समितीला बिग टेन अकॅडमिक अलायन्स म्हणतात. दीर म्हणतात त्यात तथ्य आहे ते हे. नुसती सामन्यांची वेळापत्रकं जुळवण्यापलीकडे या कॉलेजांनी एकमेकांची कपाटं उघडी केली.

मी शिकागोला मराठी संतसाहित्यावर काम केलं. जिथे स्टॅग फील्ड होतं तिथे आता रेगेन्स्टाइन ग्रंथालय आहे, १९७०ला उघडलेलं. आपल्या आईवडिलांनी रेशनच्या रांगेत उभं राहून पीएल-४८०चा लाल गहू आणला, त्या गव्हाचे पैसे अमेरिकेला रुपयांत मिळायचे आणि त्यातल्या काही रुपयांतून इथल्या ग्रंथालयांसाठी भारतीय पुस्तकं घेतली जायची. म्हणून तिथे मराठीची रांगच्या रांग आहे. एकदा एक जुनी गाथेची आवृत्ती आमच्याकडे नव्हती, ती मिनेसोटाहून आली. त्यांच्याकडे दक्षिण आशियाचं एम्स ग्रंथालय आहे. पुस्तकावर कागदाची पट्टी गुंडाळलेली, आतल्या पानाला हळदीचा डाग. कुणाच्या स्वयंपाकघरात ते वाचलं गेलं असेल? फुटबॉलच्या कॉन्फरन्समुळे ते माझ्या हातात आलं, याचं मला आजही अप्रूप आहे.

गणिती_गोडबोले

उंदरीताई, साष्टांग नमस्कार. हा प्रतिसाद जपून ठेवला.

पुलमनचा_पांडू

'कॉन्फरन्स म्हणजे दर्जा' हे ज्यांना पटतं त्यांनी २०२४ आठवावं. पॅक-१२ नावाची शंभरी ओलांडलेली कॉन्फरन्स एका वर्षात विस्कटली. टीव्हीच्या पैशासाठी बारातली दहा कॉलेजं उठून गेली. यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन, वॉशिंग्टन बिग टेनमध्ये. स्टॅनफर्ड आणि बर्कली गेली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, पॅसिफिकच्या काठावर बसून! मागे राहिली दोन, ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. मी त्यातल्या दुसऱ्याचा. त्या उन्हाळ्यात गावातल्या माणसांचे चेहरे बघवत नव्हते.

लोक म्हणाले, ही उरलेली कॉलेजं. उरलेली? वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या काळात शेतीशास्त्र शिकायला अमेरिकेत आले ते याच भागात, कॉर्वालिसला, म्हणजे आजच्या ओरेगॉन स्टेटला. पुढे मेक्सिकोत जाऊन त्यांनी मक्यावर काम केलं, तिथल्या शेतकऱ्यांना शिकवलं. टीव्हीवाल्यांना नको असलेल्या गावाने आपल्याला एवढा मोठा माणूस घडवून दिला.

मी_वऱ्हाडी

सकाळचं राहिलेलं. पांडूभाऊ, खानखोज्यांचं नाव काढलंत, डोळे भरले.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून इकडे आलो, कोंबड्यांच्या खाद्यावर पीएचडी केली, एसईसीच्या एका कॉलेजात. कोंबडीवर एवढं काम दक्षिणेत का? कारण देशातली बरीचशी कोंबडी तिथेच पिकते. जॉर्जिया, ऑबर्न, आर्कान्सॉ, मिसिसिपी स्टेट, कुक्कुटविज्ञानात ही नावं जगभर घेतात. पण 'प्रतिष्ठा' मोजायला बसले की यातलं काही पानावर येत नाही.

ही बहुतेक १८६२च्या मॉरिल कायद्याची लेकरं. सरकारने जमिनी दिल्या, त्या विकून शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांसाठी कॉलेजं काढली. बिग टेनमधलीही कितीतरी तशीच: परड्यू, इलिनॉय, पेन स्टेट, मिशिगन स्टेट. रटगर्ससुद्धा. आई एकच, वाटणी कॉन्फरन्सनी केली.

आणि १९५०-६०च्या दशकांत भारतात कृषी विद्यापीठं उभी राहिली तेव्हा मदतीला कोण आलं? पंतनगरला इलिनॉय, लुधियान्याला ओहायो स्टेट, महाराष्ट्राच्या वाट्याला पेन स्टेट. आणि बंगळूरला टेनेसी! टेनेसी म्हणजे एसईसीच. आपल्या बांधावर आले तेव्हा त्यांनी कुणी कॉन्फरन्स विचारली नव्हती.

सडेतोड

सगळं छान, पण गोड गोड होतंय. फुटबॉलमुळे अभ्यासाचं नुकसान होतं हे कुणीच लिहीत नाही. मी एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पीएचडी करताना शिकवायचो. कॉन्फरन्सचं नाव घेत नाही. माझ्या वर्गात एक खेळाडू होता, शांत, कष्टाळू. मंगळवारी प्रवास, गुरुवारी प्रवास, शुक्रवारी सराव. सेमिस्टरच्या शेवटी खेळाच्या ऑफिसातून फोन आला, "त्याला सी मिळायला हवं, नाहीतर खेळता येणार नाही." मी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. म्हणाला, "सर, मला तुमचा विषय शिकायचा होता, मला वेळच देत नाहीत." त्याच्या हातात माझ्याच नोट्स होत्या, कडा ओल्या होऊन सुकलेल्या. बसमध्ये वाचायचा. तो मुलगा मला अजून आठवतो. त्याला कुठल्या कॉन्फरन्सच्या नावाचा फायदा झाला?

चॅपेलहिलकर

सडेतोड, तुमचं म्हणणं मान्य. आणि 'अभ्यासू' म्हणवणाऱ्या कॉन्फरन्सही यातून सुटलेल्या नाहीत. एसीसी म्हणजे ड्यूक, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना. आमच्या नॉर्थ कॅरोलायनात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं न भरणारे वर्ग कागदावर चालू होते. तीन हजारांहून जास्त मुलांनी ते घेतले, त्यात खेळाडूंचं प्रमाण फार मोठं. २०१४चा चौकशी अहवाल मी दोन रात्री बसून वाचला. कॉलेजच्या खेळांचे नियम बघणाऱ्या एनसीएएने २०१७मध्ये शिक्षा केली नाही, कारण ते वर्ग इतर मुलांनाही खुले होते. एएयूचं सदस्यत्व होतं, मोठं नाव होतं, आणि हेही होत होतं. माझ्या कॉलेजवर माझं प्रेम आहे म्हणूनच लिहितोय. ज्याला नाव आहे त्याने ते जपायला हवं होतं.

सोनचाफा

अवांतर आहे, पण लिहितेच. आयोवा सिटीत किनिक स्टेडियमला लागून विद्यापीठाचं मुलांचं हॉस्पिटल आहे. २०१७पासून पहिलं क्वार्टर संपलं की स्टेडियममधली सगळी माणसं, दोन्ही संघांचे खेळाडू, पंचसुद्धा, हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे वळून हात हलवतात. माझा भाचा सात वर्षांचा असताना त्या खिडकीत होता. सलाईनचा हात खाली ठेवून दुसऱ्या हाताने तो काचेवर थापट्या मारत होता आणि विचारत होता, "मावशी, ते सगळे मलाच ना?" त्याला बरं केलं त्या विद्यापीठाच्या डॉक्टरांनी. हात हलवला फुटबॉलवाल्यांनी. मला दोन्ही एकाच विद्यापीठाचे वाटतात.

लेकशोर

सोनचाफा, भाचा आता कसा आहे?

सोनचाफा

उत्तम! आठवीत आहे, ट्रंपेट वाजवतो.

भीमपुत्र_न्यूआर्क

आयव्ही लीगचं नाव अजून कसं आलं नाही? तीही खेळाचीच कॉन्फरन्स आहे. त्या आठ कॉलेजांचा करार १९५४चा, आणि खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही हा त्यांचा नियम. आज लोक 'आयव्ही' म्हणजे विद्वत्ता समजतात.

पण बाबासाहेब सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३मध्ये कोलंबियाला आले तेव्हा आयव्ही लीग नव्हतीच. त्यांनी विद्यापीठ पाहिलं, जॉन ड्युईंसारखे शिक्षक पाहिले. याच कोलंबियाचा फुटबॉल संघ १९८३ ते १९८८ सलग ४४ सामने हरला. त्याने कोलंबियाचं काय गेलं? मी दरवर्षी १४ एप्रिलला तिथे ग्रंथालयात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याला हार घालायला जातो. मुलीला सांगा ताई, शिक्षक कोण आहेत ते बघ.

सडेतोड

भीमपुत्र, शंभर टक्के सहमत.

वंदूची_आई

मी पहिल्यापासून वाचतेय. मधुमालतीताईंनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं विचारलं होतं, आपण कोंबड्यांपर्यंत पोचलो. :)

टस्कालूसाचा_तात्या

वंदूची आई, बरं केलंत मूळ मुद्द्यावर आणलंत. मी अलाबामा विद्यापीठाच्या गावाजवळ, टस्कालूसाजवळ राहतो, गाडीच्या कारखान्यात आहे, मेकॅनिकलची मुलं घेतो. म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

मधुमालतीताई, दिरांचं 'अर्ज बाजूला पडतो' हे वाक्य मला मान्य नाही. अर्ज चाळताना मी बघतो तो मुलीने काय बनवलं ते. मुलं स्वतः रेसिंग कार बनवतात त्या फॉर्म्युला कारच्या टीममध्ये होती का, को-ऑप म्हणजे शिकता शिकता कंपनीत काम केलं का, वेल्डिंगच्या टेबलाशी कधी उभी राहिली का. इथून जवळ व्हॅन्सला मर्सिडीजचा कारखाना १९९७पासून गाड्या काढतोय. हंट्सव्हिलला नासाचं मार्शल केंद्र आहे. मोबाइलला एअरबस विमानं जोडते. अलाबामाची मेकॅनिकलची मुलं शिकता शिकता या ठिकाणी काम करतात.

पण मी परड्यूलाही कमी लेखणार नाही. इंजिनिअरिंगमध्ये त्यांचं नाव खरंच मोठं आहे आणि ते कॉन्फरन्समुळे आलेलं नाही. नील आर्मस्ट्राँग तिथलेच. त्यांच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी भरवलेल्या नोकरी मेळाव्याला, इंडस्ट्रियल राउंडटेबलला, देशभरातून कंपन्या येतात. शिकवणीची फी त्यांनी २०१३पासून वाढवलेली नाही. फरक आहे तो एवढा: परड्यूत कंपन्या दारात येतात, आमच्याकडे थोडं चालत जावं लागतं. पुढे पीएचडी करायची असेल तर परड्यूतल्या प्रयोगशाळांची संख्या कामी येईल. नोकरीच करायची असेल तर फी माफीतून वाचलेले पैसे मुलीच्या खांद्यावर कर्ज होऊन बसणार नाहीत, हा फार मोठा फायदा आहे. आणि रटगर्स विसरू नका, तेही बिग टेनच आहे, घरापासून वीस मिनिटांवर!

लेकशोर

तात्या, उत्तम. रटगर्सचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पहिला कॉलेज फुटबॉल सामना तिथेच झाला, ६ नोव्हेंबर १८६९ला, प्रिन्स्टनविरुद्ध. रटगर्स ६-४ने जिंकलं.

गणिती_गोडबोले

मधुमालतीताई, भेटीला जाल तेव्हा विभागाच्या ऑफिसात तीन गोष्टी विचारा. पहिल्या वर्षी गणिताच्या वर्गात किती मुलं असतात. मेकॅनिकलमध्ये आलेल्यांपैकी किती जण चार-पाच वर्षांत मेकॅनिकलमधूनच बाहेर पडतात. आणि शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए लागतो, एखाद्या सेमिस्टरला तो घसरला तर काय. तिसरं लेखी घ्या.

मधुमालती_एडिसन

किती लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री लेकीला शेजारी बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला, तिला मराठी वाचायला वेळ लागतो. स्टेडियमखालच्या अणुभट्टीपाशी तिने थांबवलं आणि परत वाचायला लावलं. बसमध्ये नोट्स वाचणाऱ्या मुलापाशी ती गप्प झाली.

दिरांना मी फोन केला, भांडायला नाही. ते म्हणाले, "वहिनी, मी माझ्या ऑफिसातलं बोललो, सगळ्या जगाचं नाही." लेकीशी ते स्वतः बोलले. नेब्रास्काचं त्यांनाही माहीत नव्हतं.

निर्णय अजून झालेला नाही. परड्यूला पुढच्या सोमवारी जातोय, तिथून थेट टस्कालूसा. गोडबोल्यांचे तीन प्रश्न तिने वहीत लिहून घेतलेत आणि चौथा तिचा स्वतःचा घातलाय: 'पहिल्याच वर्षी लेथला हात लावू देतात का?' आज सकाळी बघितलं तर भिंतीवर अलाबामाचं पत्र परत आलंय. शेजारी परड्यूचं आणि रटगर्सचंही.

टस्कालूसाचा_तात्या

या या. गुरुवारी कारखान्याला भेट ठरवतो, मुलीला पुढून बंद बूट घालून यायला सांगा, नाहीतर आत सोडत नाहीत. जेवायला घरीच या, ही पिठलं-भाकरी करते.